वॉशिंग्टन राजधानीचा आखणीकार मेजर लांफां

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी जें वॉशिंग्टन शहर, तें पाहावयास गेलेला प्रवासी प्रथम एका टेकडीवरील घुमटाच्या भव्य इमारतीकडे वळतो. ही काँग्रेसची, म्हणजे तेथील विधिमंडळाची, कॅपिटल नांवाची इमारत होय. तेथून पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यू हा प्रशस्त रस्ता तिरपा निघतो व मैलाहून अधिक चालून गेल्यावर अध्यक्षांचें निवासस्थान, व्हाइट हाउस, लागतें. टेकडीच्या पश्चिमेस हिरवळीचें लांबच लांब मैदान असून त्यापुढें ५५५ फूट उंचीचा वॉशिंग्टन-स्तंभ व त्याच्याही पलीकडे लिंकनचें स्मारक आहे. लिंकनच्या पुतळ्याचें दर्शन घेऊन मागें वळलें म्हणजे स्तंभ व घुमट एकाच रेषेंत दृष्टीस पडतात. पाहणारा थक्क होतो; परंतु ह्या नगराची मूळ रेषा प्रथम कोणाच्या हातानें ओढली गेली, हें विचारणारे थोडेच. त्या पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस बोधप्रद होईल.

पिएर शार्ल लांफां याचा जन्म २ ऑगस्ट १७५४ रोजीं पॅरिस येथें झाला. त्याचा बाप राजाच्या पदरचा चित्रकार होता, व मुलानें पॅरिसच्या राजकीय कलाविद्यालयांत बापाजवळच चित्रकलेचे धडे घेतले. इतक्यांत अमेरिकेंतील वसाहतींनीं इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलें, तेव्हां हा तरुण समुद्र ओलांडून त्यांच्या सैन्यांत दाखल झाला. व्हॅली फोर्ज येथील छावणींत १७७७-७८ चा हिवाळा सैन्यानें थंडी व उपासमार सोसून काढला. त्या छावणींत तो होता. १७७९ सालीं सव्हाना येथील हल्ल्यांत तो जखमी झाला व पुढील वर्षीं चार्ल्सटन पडलें तेव्हां इंग्रजांच्या हातीं कैदी म्हणून सांपडला. युद्ध संपल्यावर त्यास मेजरचा हुद्दा मिळाला. न्यूयॉर्क येथील जुन्या नगरगृहाचें त्यानें नूतनीकरण केलें, आणि त्याच इमारतीच्या सज्जांत ३० एप्रिल १७८९ रोजीं जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली.

नव्या राष्ट्रास कायमची राजधानी हवी होती. १७९० सालीं काँग्रेसनें कायदा करून पोटोमॅक नदीच्या कांठचा प्रदेश त्यासाठीं ठरविला, व पुढें दहा मैल लांब आणि दहा मैल रुंद असा चौरस मुक्रर झाला. हें काम आपणांस मिळावें अशी विनंती लांफां यानें आधींच वॉशिंग्टन यांस पत्र लिहून केली होती. १७९१ च्या मार्च महिन्यांत तो त्या ठिकाणीं येऊन पोंचला. सीमेची मोजणी अँड्र्यू एलिकट याजकडे होती, व बेंजामिन बॅनेकर हा स्वतंत्र निग्रो ज्योतिर्गणिती प्रारंभीं त्याचा साहाय्यक होता. राजधानीच्या जागीं त्या वेळीं शेतें, रान व दलदल यांवांचून फारसें कांहीं नव्हतें.

परंतु लांफां याच्या दृष्टीस तेथें नगर दिसूं लागलें. जेन्किन्स टेकडी पाहतांच त्यास वाटलें कीं, निसर्गानें हा चौथरा तयार करून ठेविला आहे, केवळ त्यावर इमारत चढवावयाची राहिली आहे. टेकडीवर राजवाडा न बांधतां त्यानें लोकप्रतिनिधींचें सभागृह योजिलें. अध्यक्षांचें घर दूर ठेवून दोहोंस रुंद रस्त्यानें जोडिलें. काटकोनांत छेदणाऱ्या रस्त्यांवर १६० फूट रुंदीचे तिरपे राजमार्ग घातले. सभागृहासमोर ४०० फूट रुंद व सुमारें मैलभर लांब असा वृक्षांनीं शोभणारा मार्ग आंखिला. आजच्या मैदानाचें तेंच मूळ. संस्थानांची वस्ती तेव्हां अवघी चाळीस लाखांच्या आसपास होती. परंतु त्यानें आंखणी केली ती पुढें होणाऱ्या महाराष्ट्राची.

येथपर्यंत त्याचें गुणवर्णन झालें. आतां त्याचा दोषही सांगितला पाहिजे. कामावर देखरेख करण्यासाठीं तीन कमिशनर नेमलेले होते. त्यांचा हुकूम मानणें लांफां यास कमीपणाचें वाटे. १७९१ च्या ऑक्टोबरांत भूखंडांचा पहिला लिलाव झाला, तेव्हां सट्टेबाज उत्तम जागा बळकावतील ह्या भीतीनें त्यानें नकाशा दाखविण्याचेंच नाकारलें. भीति खोटी नव्हती, पण विक्री मात्र बसली. त्यानंतर एका कमिशनरच्या नातलगाचें, डॅनियल कॅरोल याचें, नवें घर नियोजित रस्त्याच्या आड येतें म्हणून त्यानें कमिशनरांस न विचारतां तें पाडविलें. वॉशिंग्टन यांनीं त्यास वारंवार समज दिली व समेटासाठीं आपला चिटणीसही पाठविला. त्यासही त्यानें झिडकारलें. अखेरीस १७९२ च्या फेब्रुवारींत त्याची नोकरी संपुष्टांत आली. पुरतें एक वर्षही भरलें नव्हतें. नकाशा एलिकट यानें फेरफार करून छापविला, व त्यावर लांफां याचें नांवही नव्हतें.

सरकारनें सुमारें २५०० डॉलर व एक भूखंड देऊं केला. ही रक्कम अपमानकारक समजून त्यानें ती परत केली, व पुढें काँग्रेसकडे ९५,००० डॉलरांहून अधिक मागणी केली. वर्षानुवर्षें अर्ज करूनही त्याच्या पदरांत अल्पस्वल्पच पडलें. इतर कामेंही तडीस जाईनात. १८१२ सालीं वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत त्यास प्राध्यापकाची जागा देऊं केली असतां ती त्यानें नाकारली. आपण आंखिलेल्या, पण अद्याप अर्धवट व चिखलानें भरलेल्या रस्त्यांवरून हा वृद्ध मेजर कुत्रा बरोबर घेऊन हिंडतांना लोकांस दिसे. त्याच नगरांत कॅपिटल व अध्यक्षगृह उभारतांना भाड्यानें आणलेले निग्रो गुलामही खपत होते; त्यांच्या श्रमाची मजुरी त्यांचे धनी घेत. मेजरचें गाऱ्हाणें निदान काँग्रेसच्या दारापर्यंत तरी पोंचलें. त्यांना दाद मागण्यास दारच नव्हतें.

शेवटीं मेरीलँडमधील डिग्ज घराण्यानें लांफां यास आश्रय दिला. त्यांच्या ग्रीन हिल येथील शेतवाडींत १४ जून १८२५ रोजीं त्याचा अंत झाला, व तेथेंच त्यास मूठमाती मिळाली. मागें राहिलेल्या घड्याळें, होकायंत्रें, पुस्तकें, नकाशे वगैरे चीजवस्तूंची किंमत अवघी ४५ डॉलर झाली.

त्याच्या पश्चात् नगर वाढत गेलें, पण आंखणीची आठवण पुसट होत चालली. कोषागाराची इमारत पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूच्या आड उभी राहिल्यामुळें अध्यक्षगृह व कॅपिटल यांची दृष्टादृष्ट बंद झाली, आणि मैदानावर चक्क रेल्वेचें स्टेशन बसलें. १९०१-०२ सालीं सीनेटनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं जुना नकाशा पुनः पुढें ठेविला. स्टेशन हालविण्यांत आलें, व नदीचा भाग भरून काढलेल्या जमिनीवर पुढें लिंकनचें स्मारक झालें. लांफां याच्या मृत्यूनंतर ८४ वर्षांनीं, १९०९ च्या एप्रिलांत, त्याच्या अस्थि ग्रीन हिलहून आणून कॅपिटलच्या घुमटाखालीं सन्मानानें ठेविल्या व नंतर पोटोमॅकपलीकडील आर्लिंग्टन येथें पुरल्या. १९११ सालीं अध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितींत थडग्याच्या स्मारकाचें उद्घाटन झालें. त्या शिळेवर त्याच्या नगराचा नकाशा कोरलेला आहे.

लांफां याजवर अन्याय झाला, हें खरें. तथापि त्या अन्यायास त्याच्या स्वभावानेंच वाट करून दिली, हेंही तितकेंच खरें. सट्टेबाजांस विरोध करण्यांत त्याची निष्ठा दिसते. सहकाऱ्यांस तुच्छ लेखण्यांत त्याचा अहंकार दिसतो. निष्ठा व अहंकार एकाच हृदयांत शेजारीं नांदतात, आणि ज्याचे त्यास ते निराळे ओळखतां येत नाहींत, हाच ह्या चरित्राचा बोध आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याची दूरदृष्टि घ्यावी, पण चौघांत मिळून काम करण्याची जी विद्या त्यास साधली नाहीं, तीही शाळेंत असतांनाच शिकून घ्यावी.

आर्लिंग्टनच्या त्या टेकडीवर उभें राहिलें असतां नदीपलीकडे सर्व राजधानी पसरलेली दिसते. जें नगर त्यास जिवंतपणीं पुरतें पाहावयास मिळालें नाहीं, त्याच्याच समोर आज तो विसांवला आहे.