विल्यम ब्लेक : एका पुस्तकात दोन गीते



सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना विल्यम ब्लेक या इंग्रज कवीकडे आम्ही फारसे लक्ष दिले नव्हते. त्यांच्या काळच्या पुष्कळांना ते वेडसर वाटत. आम्हालाही तसेच वाटले. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांसमोर उभे राहू लागल्यावर ते पुन्हा वाचले आणि मत बदलले.

ब्लेक यांचा जन्म २८ नोव्हेंबर १७५७ रोजी लंडनमधील सोहो भागात झाला. वडिलांचे मोज्यांचे दुकान होते. आठ-दहा वर्षांच्या विल्यमने झाडावर देवदूत पाहिल्याचे घरी सांगितले, तेव्हा खोटे बोलतो म्हणून वडील मारायला उठले आणि आईने त्याला वाचवले, अशी कथा सांगतात. चौदाव्या वर्षी तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणाऱ्या एका कारागिराकडे सात वर्षांसाठी उमेदवारीला राहिला. १७८२ साली कॅथरिनशी विवाह झाला. नोंदवहीत सही करता येईना म्हणून तिने फुली मारली. ब्लेक यांनी तिला लिहा-वाचायला शिकवले. या दांपत्याला मूल झाले नाही.

१७८९ मध्ये त्यांनी निरागसतेच्या गीतांचे पुस्तक काढले. पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने उलटी अक्षरे लिहायची, बाकीचा पत्रा आम्लाने खायचा, मग छापून प्रत्येक पान हाताने रंगवायचे! म्हणून कोणतीही प्रत दुसऱ्यासारखी नाही. १७९४ मध्ये या गीतांना त्यांनी अनुभवाची गीते जोडली. मानवी आत्म्याच्या या दोन परस्परविरोधी अवस्था, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या भागात कोकरू आहे, दुसऱ्यात वाघ; आणि दोघांचा निर्माता एकच का, हा प्रश्न ते उत्तर न देता सोडतात.

धुराडी साफ करणाऱ्या मुलावर तर दोन्ही भागांत एकाच नावाचे गीत आहे. त्या काळी लंडनमध्ये गरिबांची चार-पाच वर्षांची मुलेही या कामासाठी विकली जात, कारण अरुंद धुराड्यात लहान अंगच शिरते. आठ वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, असा कायदा १७८८ मध्ये झाला, पण तो पाळतो कोण? पहिल्या गीतात अशाच एका मुलाला स्वप्नात देवदूत भेटतो. सकाळी थंडी-काळोखात तो समाधानाने कामाला जातो. दुसऱ्या गीतातला मुलगा बर्फात एकटा उभा आहे. त्याचे आईवडील कुठे आहेत? चर्चमध्ये, प्रार्थनेला. त्याच्या दुःखावर स्वर्ग उभारणाऱ्यांत तो धर्मगुरूंचेही नाव घेतो. हे गीत आम्हाला टोचते. रविवारी वेदीवरून मंडळीकडे पाहताना कधी कधी ते आठवते.

ब्लेक आपल्या धर्मसभेचे नव्हते आणि त्यांची अनेक मते आम्हाला मान्य होणार नाहीत. पण दुसरे गीत लिहिल्यावर त्यांनी पहिले फाडले नाही. मुलाचे स्वप्न खोटे होते, असे ते म्हणत नाहीत; स्वप्नाच्या जोरावर मोठ्यांनी सुटका करून घेऊ नये, एवढेच. काही गीते तर त्यांनी पुढे पहिल्या भागातून काढून दुसऱ्यात घातली. उन्हाळ्याच्या सुंदर सकाळी शाळेत कोंडल्या जाणाऱ्या मुलाचे गीत त्यातलेच. (आमचे धर्मशिक्षणाचे विद्यार्थी याला दुजोरा देतील!)

पैसा कधी आला नाही. १८०९ मध्ये भरवलेले चित्रप्रदर्शन फसले. म्हातारपणी त्यांनी बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथावर चित्रे कोरली. निर्दोष माणसाच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा तो ग्रंथ. १२ ऑगस्ट १८२७ रोजी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवशी ते गात होते, असे सांगतात. पुरले त्या जागी दगडही नव्हता. तो २०१८ मध्ये बसवला गेला. कॅथरिन पुढे चार वर्षे जगली. एके काळी फुली मारणारी ती बाई पतीच्या पुस्तकांच्या आणि चित्रांच्या विक्रीवर गुजराण करीत राहिली.