डेल्फ्टचा कापडव्यापारी आणि शुक्राणूंचा शोध

हॉलंडमधील डेल्फ्ट शहरातील एका कापडव्यापाऱ्याने नोव्हेंबर १६७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना एक पत्र धाडले. मानवी वीर्याच्या एका थेंबात शेपटी असलेले असंख्य सूक्ष्म जीव वळवळत पोहतात, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे, असे त्यात नमूद होते. हा मजकूर विद्वानांना किळसवाणा अथवा असभ्य वाटण्याचा संभव असल्यास पत्र खाजगी ठेवावे, अशी विनंतीही लेखकाने केली होती. पत्र दडपले गेले नाही. ते सोसायटीच्या नियतकालिकात लॅटिनमध्ये छापले गेले आणि पुरुषाच्या जननक्षमतेचा विचार तर्काच्या प्रांतातून निरीक्षणाच्या प्रांतात आला. त्या व्यापाऱ्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्टमध्ये झाला. त्याच महिन्यात, त्याच शहरात यान व्हर्मीर हा पुढे जगद्विख्यात झालेला चित्रकार जन्मला. लेव्हेनहूक यांचे वडील टोपल्या विणण्याचा व्यवसाय करीत. आंतोनी पाच-सहा वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. लॅटिन ही तत्कालीन विद्वानांची भाषाही ते कधी शिकले नाहीत. सोळाव्या वर्षी त्यांना कापडाच्या व्यापाराचे शिक्षण घेण्यासाठी अ‍ॅमस्टरडॅमला पाठविण्यात आले. १६५४ मध्ये ते परतले, विवाहबद्ध झाले आणि त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. डेल्फ्ट हे तेव्हा भरभराटीचे व्यापारी शहर होते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक तेथे होती. आपल्या शेजारच्या वेंगुर्ल्यात वखार चालविणारी ती हीच कंपनी.

पहिल्या पत्नीपासून त्यांना पाच अपत्ये झाली; त्यांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये पत्नीही वारली. दुकानाच्या जोडीला त्यांनी नगरपालिकेतील छोटी पदे सांभाळली, भूमापनाची परीक्षा दिली आणि पुढे मद्याच्या पिंपांच्या मोजमापाचे कामही केले. मोजण्याची ही सवय त्यांच्या शास्त्रीय कार्यात पदोपदी दिसते.

कापडाचे धागे पारखण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूक यांना त्या भिंगाचाच ध्यास लागला. धातूच्या दोन छोट्या पत्र्यांमध्ये बसविलेले एकच इवलेसे भिंग आणि त्यासमोर पदार्थ धरण्यासाठी एक टोकदार सुई, इतकेच त्यांचे साधन होते. अशी पाचशेहून अधिक उपकरणे त्यांनी स्वतःच्या हातांनी घडविली. उपलब्ध उपकरणांपैकी सर्वांत प्रभावी भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखविते. उत्तम भिंगे घडविण्याची आपली रीत मात्र त्यांनी अखेरपर्यंत गुप्त ठेवली.

रॉयल सोसायटीशी त्यांची गाठ घालून दिली ती डेल्फ्टचेच तरुण वैद्य रेनियर द ग्राफ यांनी. द ग्राफ यांनी १६६८ मध्ये पुरुषाच्या व १६७२ मध्ये स्त्रीच्या जननेंद्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केले होते. १६७३ मध्ये त्यांनी लेव्हेनहूक यांची शिफारस करणारे पत्र लंडनला धाडले आणि त्याच वर्षी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते मृत्यू पावले. लेव्हेनहूक यांची पत्रे मात्र पुढे पन्नास वर्षे डच भाषेत लंडनला जात राहिली.

लाळ, घाम यांप्रमाणे वीर्यही भिंगाखाली पाहावे, अशी सूचना सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी काही वर्षांपूर्वीच केली होती. लेव्हेनहूक यांनी तेव्हा ते काम अशोभनीय मानून अर्धवट सोडले. १६७७ मध्ये योहान हाम हा वैद्यकाचा विद्यार्थी त्यांच्याकडे आला. परमा झालेल्या एका रुग्णाचे वीर्य त्याने सोबत आणले होते. त्यात शेपटीचे जीव दिसतात आणि ते रोगामुळे सडण्यातून उत्पन्न झाले असावेत, असा त्याचा समज होता.

हा समज खरा की खोटा, हे ठरविण्याचा मार्ग एकच होता: निरोगी पुरुषाचे वीर्य तपासणे. लेव्हेनहूक यांनी स्वतःचेच वीर्य तपासले. नाडीचे पाच-सहा ठोके पडण्याच्या आत ते भिंगाखाली होते. हा नमुना कोणत्याही पापकर्मातून नव्हे, तर वैवाहिक जीवनातून मिळाल्याचा खुलासा त्यांनी पत्रात आवर्जून केला. यावरून तत्कालीन समाजाचे दडपण लक्षात येते. निरोगी वीर्यातही तेच जीव होते. पुढचा भाग गोलसर, मागे त्याच्या पाच-सहा पट लांबीची पारदर्शक शेपटी आणि ईल माशासारखी नागमोडी चाल. वाळूच्या एका मोठ्या कणाएवढ्या जागेत असे दहा लाख जीव सहज मावतील, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे ते रोगाचे चिन्ह नव्हते. निरोगी पुरुषाच्या वीर्याचाच तो स्वाभाविक घटक होता.

पुढील काळात त्यांनी कुत्रा, ससा, बेडूक, मासे, पक्षी व कीटक यांच्या नरांमध्ये हेच जीव शोधले. शुक्रवाहिनी आणि वृषण तपासून ते वृषणातच तयार होतात, असा निष्कर्ष काढला. समागमानंतर मादीच्या गर्भाशयातही ते जिवंत सापडतात, हे दाखविले. कॉड माशाच्या एका नरात दीडशे अब्ज शुक्राणू असल्याचा हिशेब त्यांनी मांडला. हा आकडा वाचकाला उमगावा म्हणून हॉलंडमधील लोकवस्तीच्या दाटीवरून त्यांनी साऱ्या पृथ्वीवर किती माणसे राहू शकतील, याचे गणित केले. ते उत्तर तेरा अब्जांहून थोडे अधिक आले. माशातील शुक्राणू त्याच्या दहापटीहून जास्त ठरले.

१६८० मध्ये सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर त्यांची भिंगे पाहण्यास आला. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या निष्कर्षांत एक मोठी चूक होती. भावी जीव संपूर्णतः शुक्राणूत असतो आणि स्त्री केवळ त्याचे पोषण करते, अशी त्यांची धारणा होती. शुक्राणूत इवलासा माणूस दिसल्याची एक बनावट बातमी १६९९ मध्ये पसरली, तेव्हा मात्र त्यांनी ती ठामपणे नाकारली. न दिसलेले दिसले म्हणणे त्यांना मान्य नव्हते. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांच्या केंद्रकांच्या मीलनातून नवा जीव घडतो, हे ऑस्कार हेर्टविग यांनी १८७६ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यांवर दाखविले. एका व्यापाऱ्याने जे पाहिले, त्याचा पुरता अर्थ लागायला दोनशे वर्षे लागली.

लेव्हेनहूक यांनी वीर्यात तीन गोष्टी टिपल्या होत्या: शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल आणि त्यांचा आकार. आज प्रयोगशाळेतील वीर्यतपासणीच्या अहवालात प्रामुख्याने याच तीन नोंदी असतात. नमुना तासाभराच्या आत तपासण्याचा दंडकही त्यांच्या त्या घाईशी नाते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत एक मिलिलिटर वीर्यात १ कोटी ६० लाख शुक्राणू ही किमान संदर्भपातळी मानली आहे. वीर्य नुसत्या डोळ्यांना नेहमीसारखे दिसले, शरीरसंबंधात कोणतीही अडचण नसली, तरी त्यात शुक्राणू अत्यल्प असू शकतात किंवा मुळीच नसू शकतात. शुक्रवाहिनीतील अडथळा, वृषणाजवळ फुगलेल्या शिरा, संप्रेरकांची उणीव, तरुणपणी झालेला गालगुंडाचा आजार अशी त्याची अनेक कारणे असतात आणि त्यांतील काहींवर उपचारही आहेत.

अपत्यप्राप्तीत अडचण असलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाशी निगडित कारण, एकट्याने किंवा स्त्रीशी निगडित कारणाच्या जोडीने, आढळते. तरीही आपल्याकडे लग्नानंतर पाळणा हलला नाही की बोट सुनेकडेच वळते. तिच्या तपासण्या, नवस, उपासतापास वर्षानुवर्षे चालतात. मुलाची साधी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी मात्र पौरुषाच्या भ्रामक प्रतिष्ठेपायी टळत राहते. अशा घरात वाया जाणारी वर्षे स्त्रीच्या वयातून वजा होतात आणि ती परत मिळत नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी, लोकलज्जेचा धाक आजच्याहून कितीतरी कडक असताना, एक कापडव्यापारी स्वतःचा नमुना भिंगाखाली ठेवण्यास कचरला नाही. आजच्या पतीकडून तर एवढीच अपेक्षा आहे की, पत्नीला दवाखान्यात नेण्याच्या पहिल्याच दिवशी त्याने आपलीही चिठ्ठी काढावी.