घड्याळ समोर ठेवून लिहिलेल्या प्रेमकथा

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून एक चक्कर मारा. एका खोलीत काचेखाली बल्ब लावून शीटची 'जीटी' चालू असते, दुसऱ्या खोलीत तिघंजण मिळून एकच जर्नल उतरवत असतात. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, की वेळच मिळत नाही! याच मंडळींपैकी कुणी गिटार शिकणार असतो, कुणाला कविता करायच्या असतात, कुणाची कादंबरी गेली दोन वर्षं डोक्यात तयार असते. फक्त वेळ मिळाला की झालं...

मित्रांनो, आज अशा एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, ज्यानं तेहेतीस वर्षं सरकारी नोकरी केली, संसार केला, दोन मुलं वाढवली आणि हे सगळं सांभाळून कादंबऱ्या लिहिल्या. आयुष्यभरात एकूण ४७! त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात एक तरी प्रेमकहाणी आहेच. अँथनी ट्रोलोप हे त्याचं नाव. पण तो जन्मापासून शिस्तीचा पुतळा होता असं समजू नका. पंचविशीपर्यंत या पठ्ठ्याचं काही खरं नव्हतं.

ट्रोलोपचा जन्म २४ एप्रिल १८१५ चा, लंडनचा. वडील बॅरिस्टर होते, पण तापट स्वभावामुळे वकिली बसली आणि शेतीच्या नादात उरलंसुरलं गेलं. पोराला मात्र हॅरोच्या बड्या शाळेत घातलं. बाकीची मुलं श्रीमंतांची, बोर्डिंगमध्ये राहणारी. हा चिखल तुडवत घरून चालत यायचा. मळके कपडे, बूट चिखलानं भरलेले. मित्र नाहीत, बक्षीस तर एकही नाही. शिक्षकांनी आणि मुलांनी केलेला तो अपमान त्याला म्हातारपणापर्यंत विसरता आला नाही.

घर सावरलं ते आईनं. फ्रान्सिस ट्रोलोप ही विलक्षण बाई होती. अमेरिकेत जाऊन धंदा करायचा बेत पार फसला, तेव्हा परत येऊन तिनं अमेरिकन लोकांच्या चालीरीतींवर एक पुस्तक लिहिलं. ते १८३२ साली प्रसिद्ध झालं आणि गाजलं. तेव्हा तिची पन्नाशी उलटलेली होती! दोनच वर्षांनी सावकारांच्या भीतीनं सगळं कुटुंब बेल्जियममधल्या ब्रूज गावी पळालं. तिथं एक मुलगा क्षयानं मरणपंथाला लागलेला, नवराही आजारी. ही बाई दिवसरात्र त्यांची शुश्रूषा करायची आणि मधल्या वेळात कादंबऱ्या लिहून घर चालवायची. पहाटे चारला टेबलाशी बसायची आणि घर जागं व्हायच्या आत त्या दिवसाचं लेखन संपवायची. ट्रोलोपनं लेखनाचा पहिला धडा घेतला तो इथं. तो अंगी लागायला मात्र बरीच वर्षं जावी लागली.

१८३४ साली, एकोणिसाव्या वर्षी, ओळखीपाळखीनं त्याला लंडनच्या मुख्य पोस्ट ऑफिसात कारकुनी मिळाली. पगार वर्षाला ९० पौंड. परीक्षा म्हणून वर्तमानपत्रातला एक उतारा उतरवायला दिला, त्यावर यानं शाईचे डाग पाडले. उद्या सुवाच्य अक्षरात लिहून आण म्हणून सांगितलं. रात्रभर खपून यानं तो लिहून आणला, तर तो कागद कुणी पाहिलासुद्धा नाही! थेट खुर्चीवर बसवलं.

पुढची सात वर्षं अगदीच वाईट गेली. रोज ऑफिसला उशीर, वरिष्ठांची बोलणी, एकटेपणा आणि कर्ज. शिंप्याचं १२ पौंडांचं बिल एका सावकाराच्या हाती गेलं. त्या सावकाराकडून याला रोख मिळाले फक्त ४ पौंड आणि फेडावे लागले दोनशेच्या वर. हा सावकार ऑफिसात येऊन याच्या खुर्चीमागे उभा राहायचा. आणखी एक फजिती ऐका. गावाकडच्या एका मुलीनं याला लग्नाचं विचारलं, याला स्पष्ट नाही म्हणायचा धीर झाला नाही. एक दिवस तिची आई हातात टोपली घेऊन सरळ ऑफिसात शिरली आणि सगळ्या कारकुनांसमोर माझ्या मुलीशी लग्न कधी करतोस म्हणून मोठ्यानं जाब विचारू लागली! प्रेमकथा लिहिणाऱ्याच्या आयुष्यातला हा प्रेमाचा पहिला प्रवेश.

त्या वयातही आपण कादंबरीकार व्हायचं हे त्याच्या मनात होतं. पण सात वर्षांत एक कादंबरी सुरूसुद्धा झाली नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याला वेळ भरपूर होता!

१८४१ मध्ये आयर्लंडमधल्या एका आडगावी, बॅनॅगरला, जागा निघाली. जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून यानं अर्ज केला आणि ऑफिसनंही ब्याद गेली म्हणून आनंदानं पाठवलं. नव्या साहेबाकडे याच्याआधी याचा शेरा पोचला होता, की माणूस बिनकामाचा आहे. पण तो साहेब भला होता. मागचं विसरून इथलं काम बघू, असं त्यानं ठरवलं. ट्रोलोपच्या आयुष्याचा सांधा बदलला तो इथं. घोड्यावरून गावोगाव फिरायचं, टपालाच्या तक्रारींचा तपास करायचा, लोकांशी बोलायचं, हे काम त्याला मनापासून आवडलं. वर्षभरात तो खात्यातला उपयोगी माणूस ठरला. भत्ते धरून कमाई ४०० पौंडांवर गेली.

इथंच त्याला रोझ हेसेल्टाईन भेटली, बँक मॅनेजरची मुलगी. ११ जून १८४४ ला लग्न झालं, १८४६ आणि १८४७ मध्ये दोन मुलं झाली. त्याआधी, १८४३ मध्ये, ड्रम्स्ना नावाच्या खेड्याजवळ फिरताना एक पडका वाडा दिसला आणि त्यावरून पहिली कादंबरी सुरू झाली. ती १८४७ ला छापली गेली. मिळकत शून्य. दुसऱ्या कादंबरीच्या ३७५ प्रती निघाल्या, १४० खपल्या. तिसरीचे २० पौंड मिळाले. इथं आपल्यापैकी किती जण थांबले असते? चौथी, 'द वॉर्डन', १८५५ साली आली. लोकांनी तिला चांगलं म्हटलं, पण पहिल्या दोन वर्षांत हाती आले जेमतेम २० पौंड. म्हणजे बारा वर्षांच्या लेखनाची कमाई खात्याच्या पगारापुढे काहीच नव्हती.

या काळात नोकरी हलकी होती असंही नाही. खेड्यापाड्यांत टपालवाटपाचे मार्ग आखण्यासाठी त्यानं नैर्ऋत्य इंग्लंड घोड्यावरून पालथा घातला. दिवसाला चाळीस मैलांची रपेट व्हायची. रस्त्याच्या कडेची टपालपेटी आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ब्रिटिश टपालखात्यात ही कल्पना आणली ती यानंच. फ्रान्समध्ये चालू असलेली पद्धत त्यानं सुचवली आणि १८५२ च्या नोव्हेंबरात चॅनल बेटांपैकी जर्सीवर पहिल्या पेट्या उभ्या राहिल्या.

पुढे घोड्याऐवजी आगगाडीचा प्रवास वाढला, तेव्हा यानं मांडीवर ठेवायची एक लिहिण्याची फळी करून घेतली. 'बारचेस्टर टॉवर्स' या कादंबरीचा मोठा भाग धावत्या गाडीत पेन्सिलीनं लिहिलेला आहे. घरी गेल्यावर ते गिचमिड लिखाण रोझ शाईनं सुवाच्य उतरवून काढायची. १८५८ मध्ये खात्याच्या कामासाठी इजिप्तला जाताना समुद्र खवळलेला होता. हा केबिनमधल्या टेबलावर 'डॉक्टर थॉर्न' लिहायचा, मळमळलं की कागद तिथंच टाकून ओकायला पळायचा आणि परत येऊन लिहायला बसायचा. ती कादंबरी संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुढची सुरू!

१८५९ च्या अखेरीस तो लंडनजवळ वॉल्थम क्रॉसला राहायला आला आणि त्याची प्रसिद्ध दिनचर्या पक्की झाली. पहाटे साडेपाचला टेबलाशी हजर. बार्नी नावाचा म्हातारा नोकर कॉफी घेऊन उठवायला यायचा. त्याबद्दल त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचं, मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. साडेआठला लेखन बंद. आंघोळ, नाश्ता, आणि माणूस पोस्टाच्या कामाला मोकळा.

आपण इंजिनियरिंगवाले त्याच्या वहीवर तर खूषच होऊ. नवी कादंबरी सुरू करताना तो दिवसांचे रकाने आखायचा आणि रोज किती पानं झाली ते भरायचा. पान म्हणजे २५० शब्द, मोजून. आठवड्याचं सरासरी लक्ष्य ४० पानं, कधी २० तर कधी ११२ पर्यंत. एखादा दिवस कोरा गेला की तो रिकामा रकाना डोळ्यांत खुपायचा. सरळसरळ प्रॉडक्शन चार्टच म्हणा ना!

साहजिकच प्रश्न पडतो, की असं तासावर मोजून लिहिलेलं प्रेम कोरडं ठणठणीत नसेल का? उत्तरासाठी लिली डेलकडे बघावं. 'द स्मॉल हाउस ॲट ॲलिंग्टन' ही कादंबरी १८६२ ते १८६४ या काळात मासिकातून क्रमशः आली. लिलीचं एका देखण्या माणसाशी लग्न ठरतं. तो तिला सोडून बड्या घरच्या मुलीशी लग्न करतो. इकडे जॉनी ईम्स नावाचा साधा, धडपड्या कारकून लहानपणापासून लिलीवर जीव टाकून आहे. आता ती त्याला हो म्हणणार, असं वाचणाऱ्याला पानोपानी वाटतं. पण लिली नाही म्हणते. पुढच्या कादंबरीतही नाहीच म्हणते! हे लग्न लावून द्या म्हणून वाचकांची पत्रांवर पत्रं येत राहिली. लेखकानं ऐकलं नाही. त्या जॉनी ईम्समध्ये लंडनच्या ऑफिसातला जुना, गोंधळलेला ट्रोलोप बराचसा आहे. पहाटेच्या तीन तासांत तो शब्द मोजत असेल, पण उरलेला दिवस ही माणसं त्याच्या डोक्यात राहत होती. शब्द घड्याळानं मोजले, जीव मात्र दिवसभराचा ओतलेला होता.

आता यशही आलं. १८६० मध्ये थॅकरे संपादक असलेल्या नव्या मासिकात 'फ्रॅमली पार्सनेज' क्रमशः सुरू झाली, तिचे १००० पौंड मिळाले. पुढे एका कादंबरीला ३,५२५ पौंडांपर्यंत मजल गेली. खात्यात मात्र १८६४ मध्ये कनिष्ठ माणसाला वर चढवलं गेलं, याला डावललं. तो मनातून दुखावला. तरी आणखी तीन वर्षं काम केलं आणि १८६७ मध्ये, पेन्शनवर पाणी सोडून, राजीनामा दिला. तोही कधी, तर पेन्शनइतकं उत्पन्न देईल एवढी शिल्लक जमल्यावर! पुढच्याच वर्षी पार्लमेंटची निवडणूक लढवली आणि आपटला.

धाकटा मुलगा फ्रेड ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचा व्यवसाय करायला गेला होता. १८७१ मध्ये रोझला घेऊन ट्रोलोप त्याला भेटायला निघाला, तेही कुठल्या जहाजानं? ब्रुनेलनं बांधलेल्या 'ग्रेट ब्रिटन'नं! निघण्याआधी केबिनमध्ये टेबल ठोकून घेतलं होतं. लिव्हरपूल सुटल्यावर दुसऱ्या दिवशी 'लेडी ॲना' सुरू झाली आणि मेलबर्न यायच्या आदल्या दिवशी संपली. मुलाच्या धंद्यात मात्र बापाचे काही हजार पौंड बुडाले.

६ डिसेंबर १८८२ ला ट्रोलोप वारला. दुसऱ्या वर्षी थोरल्या मुलानं, हेन्रीनं, वडिलांचं आत्मचरित्र छापलं. त्यात घड्याळ, २५० शब्द, बार्नीची कॉफी, सगळं प्रामाणिकपणे सांगितलेलं होतं. शिवाय पुस्तकवार कमाईचा तक्ता, बेरीज ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स! लेखक म्हणजे प्रतिभेचा झटका आल्यावर लिहिणारा, असं मानणाऱ्या मंडळींनी नाकं मुरडली. चांभारानं जोडे शिवावेत तसं लिहिणारा हा कसला कलावंत, असा सूर निघाला आणि त्याचं नाव बरीच वर्षं उतरणीला लागलं. खरं बोलल्याची शिक्षाच ती. विसाव्या शतकात वाचक पुन्हा त्याच्याकडे वळले आणि आज त्याच्या कादंबऱ्या जगभर छापल्या जातात.

मला मात्र त्या तक्त्यात एक रकाना कमी वाटतो. रोझनं किती पानं उतरवली, रात्री किती जागली, आयर्लंड-इंग्लंड करत किती वेळा बिऱ्हाड हलवलं, हे त्यात नाही. छापण्याआधी त्याचं लेखन वाचणारी ती एकटीच. तरी आत्मचरित्रात लग्नाला दोन-चार ओळींवर जागा नाही. आपला संसार चारचौघांसारखा, त्यात इतरांना रस वाटण्यासारखं काही नाही, असं म्हणून तो पुढे सरकतो. बार्नीचं ऋण मात्र तो दिलखुलास मान्य करतो. आपल्या यशाचं सर्वांत जास्त श्रेय कदाचित त्या म्हाताऱ्यालाच, असं त्याला वाटत होतं. एकट्याच्या जिद्दीची म्हणून आपण जी गोष्ट सांगतो, तिच्यामागे कॉफी आणणारा आणि फेअर कॉपी करणारी अशी दोन माणसं उभी असतात. ज्याचं करिअर घडतंय त्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्याकडे उठवायला बार्नी नाही. मेसचा चहाही सातच्या आधी मिळत नाही. पण सात वर्षं रिकामा वेळ असताना ज्याला एक पान जमलं नाही, त्याच माणसानं पुढे हातात वेळ नसताना कादंबऱ्यांची रांग लावली. त्यासाठी त्याला सापडले होते पहाटेचे फक्त तीन तास. आपण एका तासापासून सुरुवात करू. निदान सबमिशन तरी वेळेवर होईल!