रमाबाईंचं भांडण

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहायच्या होत्या, पण बरेच दिवस माझ्या डोक्यात पंडिता रमाबाई आहेत. इतिहासाच्या पुस्तकात त्या आपल्याला दोन-तीन ओळींत भेटल्या. शारदा सदन, मुक्ती मिशन, संपलं. त्या चर्चशीही भांडल्या होत्या, हे मला चाळिशीत कळलं.

जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, तिने लेकीला. आईवडील दुष्काळात गेले. भावाबरोबर पायपीट करत त्या कोलकात्याला पोचल्या, तिथे पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. मग लग्न, दोन वर्षांत वैधव्य, पुणे. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडात वाँटेजच्या मठात गेल्या आणि त्याच वर्षी दोघींनी बाप्तिस्मा घेतला.

खरी गोष्ट इथून पुढची. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. चर्चची शिकवण नम्रपणे स्वीकारली की श्रद्धा वाढते, असं त्यांचं मत. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटेना; बायबलमध्ये जे आहे तेवढंच मानेन, म्हणाल्या. एका पुरोहितवर्गाचं ओझं उतरवून आलेली बाई दुसऱ्याचं कशाला उचलेल? क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला, त्यांना तिथे संस्कृत हवं होतं! त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं. तेही त्यांना रुचलं नाही.

सिस्टरचा मला आधी रागच यायचा. पण आमच्या टीममध्ये नवी मुलं येतात तेव्हा मीही म्हणते, आधी सांगितलंय तसं करा, कारण नंतर कळेल. आणि गंमत म्हणजे, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंनाच जाणवलं की आपल्याला धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. ही जाणीव झाली ती विल्यम हॅस्लम या चर्चच्याच एका धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना. म्हणजे शिकवण पोचली, पण त्यांनी स्वतः हात पुढे केला तेव्हा.

पुढे केडगावला शेकडो दुष्काळग्रस्त मुली-बायका सांभाळताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल मराठीत आणायला बसल्या. गावातल्या बाईला चर्चचा अर्थ ऐकावा लागू नये, तिने स्वतः वाचावं, म्हणून जड संस्कृत शब्द टाळले. संस्कृत पंडितेने! खिळे जुळवले ते मुक्तीतल्याच मुलींनी. १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ते हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या.

त्या भांडणाची पत्रं सिस्टर जेराल्डिननी जपून ठेवली होती. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. सिस्टरना खोडून काढणारी पत्रंही त्यात आहेत. त्यांनी ती फाडली नाहीत.