डुबॉइस यांची भटकंती आणि आपली नजर

दरवर्षी शिष्यवृत्ती मिळवून आपल्या समाजातील काही मुले-मुली परदेशी विद्यापीठांत शिकायला जातात. निरोप द्यायला अख्खी वस्ती लोटते, बुद्धवंदना होते, जयभीमचा गजर होतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी मोबाईलवर त्यांचे फोटो येऊ लागतात. कुणी नदीच्या पुलावर उभा, कुणी जुन्या किल्ल्यापुढे, कुणी बर्फात मित्राच्या खांद्यावर हात टाकून. मग आमच्याच काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. यांना शिकायला पाठवले की फिरायला, असा सवाल ते आम्हाला करतात. सवाल प्रामाणिक आहे, कारण या मुलांच्या शिक्षणामागे पिढ्यांचा घाम आहे. पण उत्तर देण्याआधी आम्हाला एका जुन्या विद्यार्थ्याच्या भटकंतीची हकिगत सांगावीशी वाटते. हा विद्यार्थी म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तिसंग्रामाचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस.

डुबॉइस यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1868 रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा दोन-अडीच वर्षेच झाली होती. बाप घर सोडून गेलेला, आईने लोकांच्या घरी कामे करून पोराला वाढवले. पोरगा हुशार निघाला. गावातील चर्चच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला दक्षिणेत, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात पाठवले. तिथे वर्णद्वेषाचे उघडेनागडे रूप त्याने पाहिले. सुट्टीत टेनेसीच्या खेड्यांत जाऊन त्याने गोरगरिबांच्या शाळांत शिकवले. तेथून हार्वर्ड गाठले आणि 1890 साली पदवी मिळवली.

त्याच सुमारास स्लेटर फंड नावाच्या निधीचे प्रमुख, माजी राष्ट्राध्यक्ष हेज यांनी, युरोपात पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय तरुणच मिळत नाही, अशा आशयाचे विधान केले. लायक उमेदवार मिळत नाही ही सबब आपल्यालाही चांगली परिचयाची आहे! डुबॉइस यांनी अर्ज केला, प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडली, नकार आल्यावर खरमरीत पत्र लिहिले आणि पाठपुरावा सोडला नाही. अखेर 1892 साली 750 डॉलर मंजूर झाले, अर्धी देणगी आणि अर्धे कर्ज. एकवीस वर्षांनंतर बडोद्याच्या नोकरीचा करार लिहून देऊन अमेरिकेला निघालेल्या आपल्या बाबासाहेबांची आठवण येथे कुणाला येणार नाही?

डुबॉइस बर्लिनच्या विद्यापीठात दाखल झाले. श्मोलर, वाग्नर यांच्यासारखे नामांकित अर्थशास्त्रज्ञ त्यांना शिकवायला होते. पण आम्हाला सांगायचे आहे ते वर्गाबाहेरचे. सुट्ट्या लागल्या की ते फिरायला निघत. जर्मनीतील शहरे, इटली, व्हिएन्ना, बुडापेस्ट असा मोठा मुलूख त्यांनी पाहिला. चित्रे पाहिली, संगीत ऐकले, गोऱ्या माणसांच्या घरी बसून जेवले. मायदेशात ज्याला पावलोपावली त्याच्या कातडीची आठवण करून दिली जात होती, त्या तरुणाला आपण फक्त माणूस आहोत, असा अनुभव पहिल्यांदा आला. ज्यांना हॉटेलच्या दारात कधी कुणी अडवले नाही, त्यांना या अनुभवाची किंमत कळणार नाही.

याच भटकंतीत त्यांना तीन धडे मिळाले.

एकदा एका जर्मन विद्यार्थी मित्राबरोबर ते एका लहान गावात काही समारंभाला गेले. थोड्या वेळात वातावरण बिघडल्याचे त्यांना जाणवले. लोक कुजबुजत होते, नजरा चुकवत होते. डुबॉइस यांना वाटले, झाले, माझा रंग येथेही आडवा आला. तेव्हा मित्राने हळूच सांगितले की लोकांचा रोख तुझ्यावर नसून माझ्यावर आहे, मी ज्यू असेन अशी त्यांना शंका आली आहे. तो मित्र ज्यू नव्हता, त्याचे केस फक्त काळे होते. डुबॉइस थक्क झाले. रंगाच्या आधाराशिवायही माणूस माणसाचा असा द्वेष करू शकतो, हे तोवर त्यांच्या मनातही आले नव्हते.

दुसरा धडा दिला स्टानिस्लाव एस्ट्रायखर या पोलिश मित्राने. तो क्राकोव्हचा, बर्लिनमधला सोबती. डुबॉइस त्याला अमेरिकेतील वर्णद्वेषाची कहाणी सांगत. त्यावर हा मित्र म्हणे की तुला खऱ्या वंशद्वेषाची पुरती ओळखच नाही, आमच्या पोलंडकडे येऊन बघ. पोलंड नावाचा देश त्या काळी नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी 1795 पर्यंत त्याचे लचके तोडून वाटून घेतले होते. जर्मन ताब्यातील शाळांतून पोलिश भाषा हद्दपार केली जात होती. जुलूम करणारे गोरे आणि सोसणारेही गोरेच! मित्राचे आव्हान स्वीकारून डुबॉइस सुट्टीत क्राकोव्हकडे गेले आणि त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले.

तिसरा धडा त्यांना त्याच बाजूला, गॅलिशिया प्रांतातील प्रवासात मिळाला. रात्री एका लहान गावाजवळ पोहोचल्यावर गाडीवानाने त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि ज्यूंच्या वस्तीत उतरायचे का, असे विचारले. डुबॉइस गोंधळले, पण हो म्हणाले. गाडीवानाने त्यांना आडगल्लीतल्या एका छोट्या ज्यू खाणावळीत नेऊन सोडले. गावात ज्यूंची राहण्याची जागा वेगळी, आणि परक्या रंगाच्या माणसाची सोय त्यांच्यातच! आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गावकुसाबाहेरची वस्ती जगात फक्त आपल्याच देशात होती असे नाही.

म्हणजे पोलंडमध्ये जो पोलिश माणूस जुलमाखाली भरडला जात होता, त्याच्या शेजारीच आणखी एक समाज वेगळ्या गल्लीत कोंडलेला होता. पीडितांच्या शेजारीही पीडित असतात आणि एकाला दुसऱ्याचे दुःख दिसतेच असे नाही. या भटकंतीचे सार आम्ही हेच मानतो.

बर्लिनची पदवी मात्र डुबॉइस यांना मिळाली नाही. नियमाप्रमाणे आणखी काही काळ राहणे भाग होते आणि फंडाने पैसे देण्यास नकार दिला. 1894 साली जहाजाच्या सर्वांत स्वस्त वर्गातून ते परतले. शिष्यवृत्ती संपली म्हणून 1917 साली बाबासाहेबांनाही लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. डुबॉइस 1895 साली हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय पीएच.डी. झाले. 1909 साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेच्या संस्थापकांत ते होते आणि तिच्या 'द क्रायसिस' या मासिकाचे त्यांनी 1934 पर्यंत संपादन केले.

येथे आम्ही एक गोष्ट लपवणार नाही. आपल्या महापुरुषांकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे, असे आम्हाला वाटते. हे धडे मिळूनही 1903 च्या त्यांच्या गाजलेल्या ग्रंथात ज्यूंविषयी काही अनुदार उल्लेख राहून गेले होते. डोळ्यांनी पाहिलेले लेखणीत उतरायलाही वेळ लागतो. 1953 साली त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा पंच्याऐंशी वर्षांच्या या विद्वानाने स्वतःच्या हाताने ते उल्लेख बदलले. चूक दुरुस्त करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मधल्या काळात जग उलटेपालटे झाले होते. 1936 साली ते जर्मनीत काही महिने राहिले आणि ज्यूंच्या छळाबद्दल त्यांनी अमेरिकेतील वृत्तपत्रात लिहिले. नोव्हेंबर 1939 मध्ये नाझींनी क्राकोव्ह विद्यापीठातील प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावून सरसकट अटक केली. त्यांत कायद्याच्या इतिहासाचे प्राध्यापक स्टानिस्लाव एस्ट्रायखर होते. 28 डिसेंबर 1939 रोजी झाक्सेनहाउझेन छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. ही छावणी बर्लिनजवळच आहे. ज्या शहरात दोन विद्यार्थी जुलमावर वाद घालत बसत, त्या शहराच्या वेशीवर त्यांतला एक जुलमाचा बळी ठरला.

1949 साली डुबॉइस वॉर्सात गेले. जिथे चार लाखांवर ज्यूंना भिंतीआड कोंडले होते, त्या भागाचे ढिगारे त्यांनी पाहिले. 1943 साली तिथे मूठभर लोकांनी नाझींविरुद्ध लढा दिला होता. 1952 साली एका लेखात त्यांनी तरुणपणातले ते प्रसंग पुन्हा आठवले आणि स्पष्ट केले की गुलामगिरी आणि वर्णभेद हा आपला प्रश्न जगावेगळा नाही, तो माणसाच्या द्वेषाच्या मोठ्या प्रश्नाचा भाग आहे. साठ वर्षांपूर्वी दोन मित्रांबरोबर पाहिलेले असे फळाला आले. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला. सत्तेलाही ठाऊक असते की फिरणारा माणूस धोकादायक असतो! 1958 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही बंदी उठली. त्याच वर्षी बर्लिनच्या त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. 27 ऑगस्ट 1963 रोजी घानामध्ये त्यांचे निधन झाले.

आणि हीच नजर होती म्हणून 1946 साली बाबासाहेबांचे पत्र आले तेव्हा डुबॉइस यांना अस्पृश्य कोण हे विचारावे लागले नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या होत्या. आपल्या समाजाचे गाऱ्हाणेही तसेच नेण्याचा त्यांचा विचार होता. डुबॉइस यांनी 31 जुलैला उत्तर पाठवून मदतीची तयारी दाखवली आणि अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती कळवली.

आता आमची स्वतःची कबुली. काही वर्षांपूर्वी एक पारधी बाई आमच्याकडे आली. चोरीच्या संशयावरून तिच्या नवऱ्याला उचलले होते. आम्ही तिला पहिला प्रश्न केला की त्याने चोरी केली का. आपल्या वस्तीतला पोरगा असता तर आमचा पहिला प्रश्न असता, अटक कधी केली आणि चोवीस तासांत कोर्टापुढे उभे केले का. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. कायद्याची पदवी, अत्याचार प्रतिबंधक कायदा तोंडपाठ, आणि प्रश्न मात्र आम्ही जुलूम करणाऱ्याचा विचारला! नंतर आम्ही तिच्या पालावर गेलो, तेव्हा कुठे आमची नजर थोडी साफ झाली. 1952 साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, आमच्या डोक्यातून मात्र तो गेला नव्हता.

म्हणून परदेशी गेलेल्या लेकरांनो, खुशाल फिरा. दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या धर्माचा मित्र करा आणि त्याच्याबरोबर फिरा. राजवाडे पाहा, पण त्यामागची आडगल्लीही पाहा. आणि कपाळाला आठ्या घालणाऱ्या आमच्या ज्येष्ठांना एवढेच विचारतो की आपल्या बुद्धविहारापासून शेजारची मातंग वस्ती, चर्मकार वस्ती, भटक्यांचे पाल किती अंतरावर आहे? तिथे आपण शेवटचे कधी गेलो होतो?

जयभीम!