सर्पगंधाची मुळी जगापुढे नेणारा मुंबईचा डॉक्टर आजही नर्सच्या कामी येतोय, तो असा..

एकच गोळी, एकच डोस. एकाला आराम पडतो, दुसऱ्याला त्रास होतो. असं का? हे समजून घ्यायचं तर डॉ. रुस्तम जाल वकील यांची गोष्ट माहीत पाहिजे.

१९११ साली जन्मलेले वकील लंडनला डॉक्टरी शिकले आणि मुंबईत येऊन केईएम हॉस्पिटलमध्ये हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. तेव्हा हाय बीपीवर धड औषध नव्हतं. आपल्याकडे सर्पगंधाची मुळी मात्र पिढ्यानपिढ्या वापरात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिक बोस यांनी ती बीपी आणि मानसिक आजार या दोन्हींवर चालते असं लिहिलं होतं. जगाने फारसं मनावर घेतलं नाही.

वकिलांनी मोजमाप केलं. ५० पेशंटच्या बीपीच्या नोंदी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आल्या. बहुतेकांचं बीपी उतरलं होतं. सगळ्यांचं नाही.

मग चक्रं फिरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी त्याचे मनोरुग्णांवरचे परिणाम मांडले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघंही होते.

पण रेसर्पिन घेणारे काही जण उदास होतात, अशाही नोंदी आल्या. दोष औषधाचाच का, यावर वाद झाले.

१९७४ मध्ये वकील गेले. औषध प्रत्येकाला वेगळं का लागू पडतं, याचं एक उत्तर आज जीन्समध्ये सापडतं. काहींचं लिव्हर औषध झटपट संपवतं, काहींच्या अंगात ते रेंगाळतं. बायपोलर आजारात दिलं जाणारं कार्बामाझेपिन घ्या. एचएलए-बी १५:०२ हा जीनचा प्रकार असलेल्यांना त्याने त्वचेची जीवघेणी रिअॅक्शन येण्याचा धोका जास्त असतो.

पण टेस्ट सगळं सांगत नाही. वय, इतर औषधं, डोस चुकणं याचाही फरक पडतो. म्हणून वॉर्डातल्या नर्सची नोंद लाखमोलाची. झोप, बीपी, अंगावरचे चट्टे, हातापायांचा ताठरपणा, मरणाची भाषा, यातलं काही बदललं की डॉक्टरांना लगेच कळवायचं.

नाणेघाटाजवळच्या घाटघरसारख्या गावात जीन टेस्ट हाताशी नसेल. तिथे घरच्यांनी एवढं करावं : आधी कुठल्या गोळीने त्रास झाला, घरात कुणाला झाला, हे वहीत लिहून नर्सला दाखवावं. आणि मनाने गोळी बंद करू नये.