ड्रॅगन नसलेला जॉर्ज

संत जॉर्जशी माझी ओळख चर्चमध्ये नाही, मोबाईलवर झाली. होस्टेलवर रूममेट ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ हा जपानी गेम खेळायचा. त्याचं बघून मीही लागलो. इतिहास-पुराणांतली माणसं त्यात आपल्या बाजूने लढतात. जॉर्ज त्यांतलाच एक. स्वार, हातात ॲस्कलॉन नावाची तलवार. आमच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकावरही घोडा आणि तलवार आहे, म्हणून असेल, मला तो लगेच आवडला. दर्जा मात्र दोनच स्टार! भारी मंडळी मिळाली की लोक त्याला बाजूला सारतात.

मग लायब्ररीत बसून खरा जॉर्ज शोधला. खात्रीचं फार थोडं सापडतं. बाकी परंपरा सांगते. वडील कॅपाडोशियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले. आई पॅलेस्टाईनमधल्या लिद्दाची. जॉर्ज रोमन सैन्यात शिरला, मोठ्या हुद्द्यावर गेला. इ. स. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांविरुद्ध फर्मान काढलं. चर्च पाडायची, धर्मग्रंथ जाळायचे. जॉर्जला रोमन देवतांपुढे बळी अर्पण करायला सांगितलं. त्याने नकार दिला. होतं-नव्हतं ते गरिबांना वाटून टाकलं, छळ सोसला, आणि शेवटी त्याचा शिरच्छेद झाला. लिद्दा म्हणजे आजचं इस्रायलमधलं लोद. तिथे त्याची कबर दाखवतात. 23 एप्रिल हा त्याचा सण.

या सगळ्यात ड्रॅगन कुठेच नाही! ती गोष्ट त्याच्या नावाला चिकटली सुमारे सातशे वर्षांनी, आणि युरोपभर पसरली तेराव्या शतकातल्या ‘लेजेंडा ऑरिया’ या संतचरित्रांच्या संग्रहामुळे. इंग्लंडने त्याला आपला पालक संत मानलं. पॅलेस्टाईनमधले मुसलमानही त्याला अल-खिद्र म्हणून मानतात. आपल्या भोपाळकरांच्या ओळखीचे ख्वाजा खिज्र ते हेच.

गेममध्ये गंमत अशी, की जॉर्जचा खास वार बसला की समोर कुणीही असो, तो ड्रॅगन ठरतो. दंतकथेनेही दुसरं काय केलं? पण त्याचं आणखी एक कसब आहे : शत्रूचे घाव स्वतःकडे ओढून घ्यायचे आणि सोबत्यांना वाचवायचं. खरा जॉर्ज मला तिथे दिसतो.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मेसमध्ये काही सिनियर एका फर्स्ट इयरच्या मुलाची नक्कल करत होते. तो विदर्भातल्या खेड्यातून आलेला, हिंदी अडखळत बोलणारा. मी समोरच होतो, मान खाली, मोबाईलमध्ये. स्क्रीनवर जॉर्ज सगळ्यांचे घाव झेलत होता. मी काहीच बोललो नाही. पोरगा अर्धं ताट टाकून उठला. रात्री मी त्याच्या खोलीवर गेलो, मराठीत बोललो. पण ते रात्री. बोलायची वेळ दुपारची होती.

जॉर्जकडेही त्या दिवशी ड्रॅगन नव्हता. समोर सम्राट होता, आणि नाही म्हणायचं होतं. माझ्यासमोर तर नुसते तीन-चार सिनियर होते.

आता दोन स्टारचा जॉर्ज माझ्या टीममध्ये कायम असतो. मेसमध्ये मात्र मोबाईल खिशात.